वाचकांचे प्रश्न : घरात पहिला कुत्रा आणताना

गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापुरात थंडीचे मोजके दिवस उरतात आणि नेमक्या याच दिवसांत या सदराकडे पिल्लांविषयीची पत्रे सर्वांत जास्त येतात. परीक्षा संपायच्या सुमारास पिल्लू घरी यावे, म्हणजे सुट्टीत मुलांना त्याच्याशी खेळता येईल, असा बहुतेकांचा विचार असतो. त्यामागचे प्रेम मला समजते. परंतु त्याच सुट्टीत येथील पारा 42 अंशांच्या पुढे जातो, याचा उल्लेख पत्रांत सहसा नसतो. 'कोणत्या जातीचा कुत्रा घ्यावा' असे मला विचारले जाते, तेव्हा पशुवैद्य म्हणून माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुमच्या घरात कोण असते आणि त्या वेळी घर किती तापलेले असते? या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले की जातीचा निर्णय पुष्कळसा आपोआप होतो. या महिन्यातील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून, नावे न देता, पुढे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरातील एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी बँकेत आणि पत्नी महाविद्यालयात नोकरीस आहे. नऊ वर्षांच्या मुलाने दोन वर्षांपासून कुत्र्याचा हट्ट धरला आहे. त्याला हस्की हवा आहे, मला लॅब्रॅडॉर बरा वाटतो. एका विक्रेत्याकडे लॅब्रॅडॉरचे पाच आठवड्यांचे पिल्लू आहे व तो लवकर निर्णय कळवा म्हणून मागे लागला आहे. इमारतीतील काही सभासदांचा मात्र कुत्र्याला विरोध आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : हस्कीचा विचार सोडून द्यावा, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगते. सायबेरियातील चुक्ची लोकांनी बर्फावरून गाडी ओढण्यासाठी ही जात घडवली. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि आतला दाट थर शरीरातील ऊब बाहेर जाऊ न देण्यासाठीच असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गादीतून थोडासा येतो आणि बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर सोडावी लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच शरीराहून गरम असते, तेव्हा हा उपायही तोकडा पडतो. 'आम्ही एसी लावू' असे पुष्कळ जण सांगतात. परंतु भर दुपारी वीज गेली आणि घरात कोणी नसेल, तर बंद सदनिकेत त्या जनावराचे काय हाल होतील, याचा विचार करावा. केस भादरल्याने त्रास कमी होतो, हाही गैरसमज आहे. त्याने ऊन थेट कातडीला लागते आणि केस पुन्हा नीट येतीलच, याची खात्री नसते.

लॅब्रॅडॉरचा स्वभाव मुलांच्या घराला खरोखर मानवतो, त्यामुळे आपली पसंती मला समजते. अडचण आपल्या वेळापत्रकाची आहे. आपण सकाळी दहाला बाहेर पडता, सायंकाळी सहाला परतता आणि मुलगा दुपारभर शाळेत असतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, दिवसातून चार वेळा खाऊ घालावे लागते आणि उरलेला वेळ ते झोपते किंवा जे सापडेल ते चावते. आठ तास एकटे ठेवलेले पिल्लू घरातच घाण करते, रडते, दाराची चौकट कुरतडते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरची माणसे त्यालाच द्वाड ठरवतात. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर 25 ते 36 किलोंचा असतो. त्याला सकाळ-संध्याकाळ मिळून किमान दीड तास चालणे व पळणे लागते. ते मिळाले नाही तर त्याचे वजन भराभर वाढते आणि खुब्याचे व कोपराचे सांधे, जे या जातीत मुळातच नाजूक असतात, लवकर दुखू लागतात. उन्हाळ्यात हे फिरणे सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतरच करावे लागेल. रात्री आठलाही डांबर तापलेले असू शकते. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून मनात सातपर्यंत आकडे मोजावेत. हात ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नये.

आणखी एक घरगुती बाब आहे. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. बाल्कनी धुणे, पिल्लाची पायपुसणी व अंथरुणे धुणे, पिण्याचे भांडे दिवसातून तीन-चार वेळा भरणे, या सगळ्यासाठी पाणी रोज लागते. टाकी किती मोठी आहे, हे जात ठरवण्याआधी पाहावे.

माझा सल्ला असा आहे. आपल्या घरी दुपारी कोणी मोठे माणूस राहू शकत नसेल, तर पिल्लू घेऊ नये. दोन ते तीन वर्षांचा, मध्यम बांध्याचा, शी-शूची शिस्त लागलेला कुत्रा दत्तक घ्यावा. असा कुत्रा सहा-सात तास शांतपणे एकटा राहू शकतो; दुपारी एकदा कोणी येऊन त्याला खाली नेऊन आणण्याची सोय मात्र हवी. त्याचा स्वभाव घडून गेलेला असल्यामुळे तो मुलाशी कसा वागतो, हे घरी आणण्याआधीच दोन-चार भेटींत कळते. आपला देशी कुत्रा या कसोटीला उत्तम उतरतो, कारण त्याचे अंग आखूड केसांचे, नाक लांब आणि शरीर याच हवेला सरावलेले असते. लॅब्रॅडॉरच हवा असेल, तर पावसाळा सुरू होईपर्यंत थांबावे आणि आपण दोघांनी मिळून पहिल्या तीन आठवड्यांची रजा आलटून-पालटून काढावी. ती काढणे शक्य नसेल, तर निर्णय दोन वर्षे पुढे ढकलावा. मुलगा तोवर अकरा वर्षांचा होईल आणि खरी मदत करू लागेल.

पाच आठवड्यांचे ते पिल्लू मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी 2017 मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाची विक्री करता येत नाही. यामागे ठोस कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी झोंबताना, कितपत जोराने चावले की समोरचे कळवळते, हे शिकते. हा धडा चुकलेली पिल्ले पुढे मुलांच्या हाताला खेळातही जोरात चावतात. विक्रेता नोंदणीकृत आहे का, हे विचारावे आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवण्यास सांगावे. आई दाखवण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. घाई करणाऱ्या विक्रेत्याला नकार कळवून आपण मोकळे व्हावे.

सभासदांच्या विरोधाबद्दल थोडक्यात सांगते. गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र जिन्यात पट्टा लावणे, घाण स्वतः उचलणे, लसीकरणाचे कार्ड मागितल्यास दाखवणे आणि रात्रीचे भुंकणे आटोक्यात ठेवणे, ही आपली जबाबदारी आहे. कुत्रा येण्याआधीच शेजारच्या दोन घरांत जाऊन हे सांगून यावे. नंतर सांगितलेले स्पष्टीकरण वाटते आणि आधी सांगितले तर विचारपूस वाटते.

प्रश्न : नर घ्यावा की मादी? मादीची 'कटकट' असते असे ऐकले आहे. (बाळे)

उत्तर : मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तो काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. नर वयात आला की कोपऱ्याकोपऱ्यावर लघवीने खूण करतो आणि परिसरातील मादीच्या वासाने पट्टा तोडून पळू पाहतो. म्हणजे 'कटकट' दोघांचीही आहे आणि नसबंदीने दोघांचीही बरीचशी मिटते. मादीमध्ये गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही त्यामुळे टळतो. पिल्लाचा स्वभाव पाहावा, लिंगावर अडून राहू नये.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, वय 68. मुरारजी पेठेत आमचे जुने घर आहे. अंगण आहे, कडुनिंबाची सावली आहे. मुले पुण्यात स्थायिक झाली आहेत. पत्नीचे गुडघे दुखतात. आम्हाला सोबत हवी आहे. माझा पुतण्या पगचे दोन महिन्यांचे पिल्लू आणून देण्यास तयार आहे. लहान कुत्र्याचा त्रास कमी असतो, असे सगळे सांगतात. आपले मत काय?

उत्तर : सर, पगविषयी आपण विचारले, म्हणून मला एक प्रसंग सांगणे भाग आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाने मला असेच विचारले होते. त्यांचे घर लहान होते, म्हणून 'पग घ्या' असे मीच त्यांना सांगितले. पुढच्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, ते रिक्षातून त्याला घेऊन दवाखान्यात आले. कोणा नातेवाइकाकडून परतताना स्टेशनपासून घरापर्यंत एवढाच त्यांचा प्रवास झाला होता. त्याची जीभ जांभळी पडली होती, तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि प्रत्येक श्वासाला घशातून घरघर होत होती. तापमापकाने 108 अंश फॅरनहाइट दाखवले. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 असते. आम्ही त्याच्या अंगावर पाणी ओतले, पंखा लावला, ऑक्सिजन दिला, सलाइन लावले. वीस मिनिटांत तो गेला. घरातील लहान मुलगी त्याचा लाल पट्टा हातात धरून बाकावर बसून होती. त्या दिवसापासून सोलापुरात कोणालाही चपट्या नाकाचा कुत्रा घेण्याचा सल्ला मी दिलेला नाही. पग, बुलडॉग, शिट्झू या जातींचे नाक व घसा इतका आखूड केला गेला आहे की धापा टाकून अंग थंड करण्याची एकमेव वाटच त्यांच्यात अरुंद झाली आहे. पगचे बटबटीत डोळेही सहज दुखावतात. आपल्या अंगणातील सावली कितीही गार असली, तरी आमच्या हवेत हा जीव दरवर्षी तीन महिने धोक्यात असतो.

लहान कुत्र्याचा त्रास कमी, ही समजूत अर्धीच खरी आहे. वजन कमी असल्याने पट्ट्याला हिसका बसत नाही, हे वहिनींच्या गुडघ्यांच्या दृष्टीने चांगलेच आहे. परंतु लहान पिल्लू सतत पायांत घोटाळते, आणि या वयात ठेच लागून पडणे ही किरकोळ बाब नसते. शिवाय आपल्या वयाचा प्रश्न मी आदराने पण स्पष्टपणे मांडते. लहान चणीचे कुत्रे 12 ते 15 वर्षे जगतात. आज आणलेले पिल्लू म्हातारे होईल, तेव्हा आपण ऐंशीच्या पुढे असाल.

म्हणून आपल्यासाठी सहा-सात वर्षांचा, शांत झालेला, दहा किलोंच्या आतला कुत्रा शोधावा, असे मला वाटते. बदलीमुळे किंवा परदेशी जावे लागल्यामुळे नाइलाजाने कुत्रा सोडणारी कुटुंबे आमच्या दवाखान्यांत नेहमी विचारणा करत असतात. शहरातील दोन-तीन पशुवैद्यांकडे आपला निरोप ठेवावा. आपल्याकडे ज्याला 'पॉमेरियन' म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. तो येथील हवेत पिढ्यान्पिढ्या वाढला आहे आणि त्याला सोबतीची आवड आहे. तो भुंकतो मात्र पुष्कळ आणि एक दिवसाआड केस विंचरावे लागतात. ज्यांना दुपारी झोप लागते, त्यांना हे भुंकणे जड जाते. तेव्हा आधी आठ दिवस घरी ठेवून पाहण्याची मुभा मागून घ्यावी. प्रौढ कुत्रा घेताना दात, हृदय आणि सांधे तपासून घ्यावेत. आणि आपण दोघेही रुग्णालयात असण्याची वेळ आली, तर कुत्र्याला कोण नेईल, हे पुतण्याशी आजच बोलून ठरवावे. तो पिल्लू देण्यास उत्सुक आहे, तर ही जबाबदारीही तो घेईल, अशी अपेक्षा ठेवणे योग्यच आहे.

यात्रेतील शोभेचे दारूकाम आपल्या घरापर्यंत ऐकू येत असणार. त्या रात्री आणि दिवाळीत कुत्र्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, आपल्याजवळ ठेवावे. घाबरलेला कुत्रा फाटकावरून उडी मारून पळतो आणि अनोळखी गल्ल्यांत हरवतो. दरवर्षी अशी दोन-चार कुटुंबे माझ्याकडे चौकशीला येतात.

प्रश्न : नान्नजजवळ आमची वस्ती आहे. सहा एकर द्राक्षबाग, दहा शेळ्या आणि पंधरा-वीस गावरान कोंबड्या आहेत. राखणीसाठी कारवानी पिल्लू घेण्याचा विचार आहे. दिवसा बांधून ठेवावे आणि रात्री मोकळे सोडावे, असा बेत आहे. हाच कुत्रा घ्यावा की दुसरा?

उत्तर : आपले पत्र वाचून मला विशेष आनंद झाला, कारण आपण आपल्याच मुलखातील जातीचा विचार केला आहे. कारवानी कुत्रा हा दख्खनच्या पठारावरचा. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची पैदास जोपासली, म्हणून तिकडे तो मुधोळ नावाने ओळखला जातो. कानांवर व शेपटीवर रेशमी केस असलेल्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. टपाल खात्याने 2005 मध्ये भारतीय कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि अंगासरशी बसलेले केस, अशा बांध्यामुळे त्याला ऊन इतरांपेक्षा बरेच सोसते.

परंतु हाच बांधा त्याचे काम काय, हेही सांगतो. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. दूरवर काही हलले की त्याचे शरीर आपसूक ताणले जाते आणि तो सुटतो. सुटल्यावर हाकेला थांबणे त्याच्या रक्तातच नाही. ससा उठला काय, कोंबडी फडफडली काय किंवा शेजारच्या वस्तीवरचे मांजर बांधावरून गेले काय, त्याला सारखेच. मोकाट कोंबड्या आणि कारवानी एका अंगणात क्वचितच नांदतात. राखणदार म्हणूनही तो लोक समजतात तसा नसतो. तो अनोळखी माणसापासून चार हात दूर राहतो, उगाच भुंकत नाही. आणि वस्तीवर आपल्याला हवा असतो तो रात्री वेळेवर भुंकून जागे करणारा कुत्रा.

नान्नज म्हटल्यावर आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्या शिवाराला लागून माळढोक अभयारण्य आहे. माळढोकाची मादी उघड्या माळावर, जमिनीवर, एका वेळी एकच अंडे घालते. काळविटांची पाडसे पहिले काही दिवस गवतात निश्चल पडून असतात, कारण लपणे हेच त्यांचे संरक्षण असते. रात्री सोडलेला एक कुत्रा अशा माळावर काय करू शकतो, याची कल्पना आपल्यालाच अधिक असेल. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार कुत्र्याकरवी सशाचा वा काळविटाचा पाठलाग करवणे हीही शिकारच ठरते. शिवाय आपल्या गवताळ माळांवर लांडगे आहेत. लस न टोचलेल्या कुत्र्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग त्यांच्यात जातात, आणि पिसाळलेल्या लांडग्याकडून रेबीज पुन्हा वस्तीवर येतो. यासाठी रात्री मोकळे सोडण्याचा बेत आपण मनातून काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दिवसभर साखळीला बांधणेही तितकेच चुकीचे आहे. सहा हातांच्या साखळीला बारा तास बांधलेला कुत्रा शेतमजुरांच्या मुलांवर धावून जाऊ लागतो, आणि मग 'कुत्रा तिखट निघाला' असे कौतुक होते. तो तिखट झालेला नसतो, पिचलेला असतो. घर, गोठा आणि शेळ्यांचा कोंडवाडा यांना मिळून तारेचे कुंपण घालावे आणि त्या आवारात त्याला रात्रंदिवस मोकळे ठेवावे.

अशा आवारासाठी मी देशी कुत्र्याची शिफारस करते. जी शेळ्या-मेंढ्यांत वावरते अशा कुत्रीचे, आठ ते दहा आठवड्यांचे पिल्लू एखाद्या ओळखीच्या वस्तीवरून घ्यावे. सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात राहते, त्यांना ते आपले मानते. म्हणून आल्या दिवसापासून त्याला शेळ्यांच्या शेजारी झोपवावे. कोंबड्यांत मात्र पहिले सहा महिने पट्ट्याला धरूनच फिरवावे. कोंबडीमागे धावले की पट्टा रोखावा आणि शांत बसले की भाकरीचा तुकडा द्यावा. मारू नये, कारण मार खाल्लेले पिल्लू कोंबडी धरणे सोडत नाही, फक्त आपण पाहत नसताना धरते.

द्राक्षबागेबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती खाल्ल्यावर बाधेल, याचा नेम नसतो. काढणीच्या दिवसांत वेलीखाली पडलेले घड आणि बेदाण्याचे शेड यांपासून त्याला लांब ठेवावे. खाल्ल्याचे लक्षात आले, तर उलटी होण्याची वाट न पाहता त्याच तासाला डॉक्टर गाठावा. फवारणीच्या दिवशी औषध कालवलेल्या टाकीचे पाणी तो पिणार नाही, याचीही काळजी घ्यावी. शेळ्यांमुळे वस्तीवर गोचीड असणारच. दर आठवड्याला त्याच्या कानांच्या आत, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहावे. गोचीडतापात कुत्रा एकाएकी खाणे सोडतो, त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात आणि कधी नाकातून रक्त येते. वेळेत उपचार झाले तर तो वाचतो.

प्रश्न : गेल्या दिवाळीत आणलेले आमचे पिल्लू रक्ताच्या हगवणीने आठ दिवसांत दगावले. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितले. आता नवीन आणावे का? (साखर पेठ)

उत्तर : आपले दुःख मी समजू शकते, पण आत्ताच नवीन पिल्लू आणू नये. पार्व्होचा विषाणू फरशीच्या फटींत, अंगणातील मातीत आणि जुन्या अंथरुणात कित्येक महिने जिवंत राहतो; फिनाइलने तो मरत नाही. जुने अंथरूण, पट्टा आणि भांडी टाकून द्यावीत. फरशी आधी साबणाने घासून, नंतर 30 भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून ओली करावी आणि दहा मिनिटांनी धुवावी. अंगणातील मातीला हा उपाय लागू पडत नाही, म्हणून पूर्ण लसीकरण झालेला मोठा कुत्रा आणणे आपल्यासाठी सर्वांत सुरक्षित ठरेल. पिल्लूच हवे असेल, तर दिवाळीला वर्ष पूर्ण होऊ द्यावे आणि त्याची सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी दिली जाणारी लसमात्रा सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण झाल्यावरच त्याला घरी आणावे.

प्रश्न : डॉक्टरताई, मी विडी घरकुलात राहते आणि बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गल्लीत तीन-एक महिन्यांचे तांबूस रंगाचे एक पिल्लू आहे. त्याची आई गाडीखाली गेली. मी त्याला दूध-भाकरी घालते. परवा खेळताना त्याचा दात लागून माझे बोट थोडे खरचटले, रक्त आले नाही. मला ते घरात घ्यायचे आहे. आई दिवसभर घरीच विड्या वळते. ती म्हणते, आपल्यालाच जागा पुरत नाही. मी तिला कसे समजावू?

उत्तर : तुझे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुला निरोप पाठवला होता, तो इतरांसाठी येथे पुन्हा लिहिते. दात लागून खरचटले असेल, तर रक्त आले नसले तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. ती तेथे मोफत मिळते. डॉक्टर देतील त्या सर्व तारखा पाळाव्यात, एकही चुकवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर तो होत नाही. पिल्लू गोड आहे, म्हणून हे टाळू नकोस.

आता आईविषयी. तू दिवसाचे सहा तास महाविद्यालयात असशील आणि पिल्लाबरोबर प्रत्यक्षात तीच असेल. तेव्हा तिला समजावण्याआधी तिचे म्हणणे नीट ऐकून घे. विड्यांची ठरलेली संख्या पुरी करताना मध्येच उठून पिल्लाची घाण काढावी लागली, तर तिची मजुरी बुडते. तिच्या नकारामागे कदाचित हेच असेल. दुसरी एक गोष्ट तिलाही आणि तुलाही माहीत असायला हवी : तंबाखूतील निकोटीन कुत्र्यासाठी विष आहे. पिल्लू सुपात तोंड घालेल, सांडलेली भुकटी चाटेल, वळलेली विडी चघळेल; एवढ्याशा जिवाला थोडी तंबाखूही लाळ, उलट्या, थरथर आणि झटक्यांपर्यंत नेऊ शकते. घरात आई जेथे बसते ती जागा पिल्लापासून दाराने किंवा फळीने वेगळी करता येत नसेल, तर पिल्लू घरात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते घरात आले नाही, म्हणून तुझे राहणार नाही, असे मुळीच नाही. दाराबाहेर आडोशाला एक पोते अंथर, मातीच्या परळात पाणी ठेव आणि शेजारच्या दोन-तीन मुलींना सोबत घेऊन त्याला गल्लीचे कुत्रे म्हणून वाढव. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर देता येते, म्हणजे त्याची वेळ आलीच आहे. पुढे दरवर्षी एकदा द्यावी. सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्यावी. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना त्यांच्याच जागी परत सोडण्याची तरतूद 2023 च्या नियमांत आहे, त्यासाठी महापालिकेत चौकशी कर. दुधाने बहुतेक पिल्लांचे पोट बिघडते. त्याऐवजी कडक भाकरी कोमट पाण्यात भिजवून त्यात उकडलेले अंडे कुस्कर, जमेल तेव्हा फोडणीआधीचे डाळीचे घट्ट वरण घाल. कांदा, लसूण आणि शेंगा चटणी मुळीच नको, कारण कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

चार-सहा महिन्यांत पिल्लाचे कुरतडणे कमी होईल. त्या काळात आईने आपणहून त्याला हाक मारलेली तुझ्या कानावर आली, तर घरात घेण्याविषयी तिला पुन्हा एकदा विचार. तोवर त्याला जंताचे औषध देणे राहिलेलेच असेल. दवाखान्यात येताना पिल्लासोबत त्याची त्या सकाळची विष्ठा एका झाकणाच्या डबीत घेऊन ये, म्हणजे कोणते जंत आहेत हे पाहून वजनाप्रमाणे औषध ठरवता येईल.